आठात पाय टेकतोय? आधी पुढचं चाक बघणं सोडा

प्रश्न थोडक्यात असा: "चार महिने मोटरसायकल चालवतोय, रस्त्यावर काही अडचण येत नाही. पण पक्क्या लायसन्सच्या चाचणीत दोनदा नापास झालो. पहिल्यांदा जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवताना उजव्या वळणावर पाय टेकला, दुसऱ्यांदा तिथेच गाडी बंद पडली. तीन आठवड्यांनी तिसरी वेळ आहे. सगळे म्हणतात सराव कर. म्हणजे नेमकं काय करू? आणि मित्राची हलकी गाडी नेली तर चालेल का?"

मी बरीच वर्षं दुचाकी शिकवतोय. "रस्त्यावर तर काही अडचण येत नाही" हे वाक्य नापास होऊन आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत बोलतो. ते खोटं नसतं, फक्त त्यातलं बरंचसं श्रेय गाडीचं असतं. मोटरसायकल वेगात असली की स्वतःच स्वतःला सावरते. पुढच्या चाकाची बसवणच अशी असते की गाडी एका बाजूला कलली की चाक त्याच बाजूला जरासं वळतं आणि तिला पुन्हा उभी करतं. ताशी 40 ला तुम्ही हँडलवर नुसते हात ठेवून बसलात तरी ती सरळ जाते. ताशी 20 च्या खाली ही मदत ओसरायला लागते, आणि माणसाच्या चालण्याच्या वेगाला आलात की तोल सगळा तुमच्या गळ्यात. आठ नेमका याच वेगात काढायचा असतो. चार महिने तुम्ही केलंत ते एक काम आणि चाचणीत मागतात ते दुसरंच. रस्त्यावर आणखी पाचशे किलोमीटर फिरलात तरी तुमचा आठ तसाच राहील.

म्हणून सराव रस्त्यावर नको, रिकाम्या सपाट जागेत हवा, आणि बराचसा पहिल्या गिअरमध्येच हवा.

पाय टेकला आणि गाडी बंद पडली, हे तुम्हाला दोन वेगळे दोष वाटतात. मला ती एकाच चुकीची दोन रूपं दिसतात. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला की रेस न देताही गाडी तिच्या एका वेगाने ओढत राहते. बारीक वळणाला तो वेग जास्त पडतो. मग माणूस घाबरतो. घाबरून रेस बंद करून ब्रेक दाबला, क्लच मात्र सुटलेलाच राहिला, की इंजिन गुदमरतं, दोन हिसके देतं आणि बंद पडतं. घाबरून क्लच पूर्ण दाबला, तर मागच्या चाकाची ओढ जाते, आणि वळणात कललेल्या गाडीची ओढ गेली की ती आत झुकायला लागते. पाय आपोआप खाली जातो. दोन्हींवर औषध एकच, हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून तिथेच धरणं. हा शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. पण तो हाताला कळलाय का, हे वेगळं तपासावं लागतं.

असं करा. गाडी सुरू करा, पहिला गिअर टाका, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. रेस अजिबात नको. आता क्लच इतका सावकाश सोडा की बघणाऱ्याला बोटं हलताना दिसू नयेत. एका जागी इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो. हँडलमध्ये बारीक थरथर येते आणि सीटच्या मागून कुणी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. तिथेच थांबा. आता नखभर दाबा, ढकलणं थांबेल. नखभर सोडा, परत येईल. लिव्हरचा हा सगळा खेळ सेंटिमीटरभराचा आहे आणि तुमची चाचणी त्या सेंटिमीटरात आहे. पाय जमिनीवर ठेवूनच गाडी हातभर पुढे न्या, थांबवा, पुन्हा हातभर न्या. हे पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण जे हा भाग टाळून थेट आठाकडे पळतात ते आठवड्याभराने पुन्हा इथेच येतात.

"क्लच प्लेट जळेल ना?" असा प्रश्न इथे हमखास येतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे थोडं घसटणं तो सहन करतो. दहा मिनिटं हाफ क्लचवर चालवा, मग दोन मिनिटं गाडी मोकळी पळवा किंवा बंद ठेवा, म्हणजे इंजिनही थंड होईल. त्रास होतो तो भरपूर रेस देऊन क्लच अर्धवट धरून ठेवणाऱ्यांना. सरावाआधी क्लचची केबल मात्र तपासून घ्या. लिव्हरला जरा ढिलाई हवी. बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ती लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी दिलेली असते. केबल फार ढिली असेल तर इंजिनची ओढ पूर्ण तुटत नाही आणि गाडी दाबलेल्या क्लचवरही सरकते. फार ताणलेली असेल तर हाफ क्लचचा टप्पा लिव्हरच्या अगदी शेवटी जातो, तिथे बोटांना नेमकेपणा राहत नाही. माझ्याकडे आलेल्या एकाला मी दोन दिवस हाताला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीवर मी बसलो तर माझाही आठ नीट येईना. केबल आवळली आणि त्याच संध्याकाळी त्याचा प्रश्न निम्मा सुटला. तेव्हापासून मी आधी गाडीवर बसून बघतो, मग माणसाला बोलतो.

हाफ क्लच हाताला कळला की त्यात दोन गोष्टी मिसळायच्या. एक, अगदी थोडी रेस, पण एकसारखी. इंजिनचा आवाज वरखाली होता कामा नये. उजवा हात झोपलेला आणि डावा जागा, असं मी सांगतो. वेग कमीजास्त करायचा तो क्लचने. दुसरी गोष्ट मागचा ब्रेक. उजव्या पायाने तो नुसता टेकवून ठेवायचा, गाडी थांबवायला नाही, लगाम म्हणून. इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे धरतोय, या ताणात साखळीची ढिलाई निघून जाते, गाडीचे हिसके थांबतात आणि ती एकदम शांत, जड आणि आज्ञाधारक होते. ही जाणीव पहिल्यांदा झाली की शिकणाऱ्याचा चेहरा बदलतो, मला तो क्षण लांबूनही कळतो.

आणि आठात असताना पुढच्या ब्रेकवर एकही बोट नको. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जरा जरी लागला तरी पुढचं चाक अडतं, सगळं वजन हँडल वळलंय त्या बाजूला कोसळतं आणि सावरायला वेळच उरत नाही. कमी वेगात आडव्या झालेल्या गाड्यांत मी सगळ्यात जास्त वेळा हेच कारण पाहिलंय. बोटं ब्रेकवर ठेवायची सवय असेल तर सरावात मुद्दाम चारही बोटं मुठीवर गुंडाळा.

स्कूटरवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे क्लच आपला आपण चालतो. रेस पूर्ण सोडली की तो इंजिनची ओढ तोडतो आणि गाडी एकदम निर्जीव होते, वळणात हे धोक्याचं. म्हणून रेस कधीच पूर्ण सोडायची नाही, थोडी कायम ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. बाकी सगळं तेच. फक्त एक लक्षात ठेवा. गिअर नसलेल्या गाडीवर चाचणी दिलीत तर अनेक देशांत लायसन्सही तेवढ्यापुरतंच मिळतं. भारतात, जपानमध्ये, ब्रिटनमध्ये असंच आहे.

आता नजर. शीर्षकात हीच लिहिलीय, कारण तुमच्या दोन्ही अपयशांच्या मुळाशी ही असावी असा माझा दाट संशय आहे. गाडी तुम्ही बघता तिकडे जाते. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर चाकाजवळची जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, माणूस घाबरतो, रेस सोडतो. पुढचं वर सांगितलंच आहे. आठाच्या कडेला ठेवलेल्या शंकूकडे बघितलंत तर शंकूच पडतो. आणि "मी बघत नाही" असं सगळेच म्हणतात. बघत असता, तुम्हाला कळत नाही इतकंच.

एक मुलगी आठवते. गाडी तिला छान येत होती, क्लचवर हात पक्का बसलेला, पण आठात प्रत्येक वेळी त्याच जागी पाय. मी वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहिलो, हातात पिवळं फडकं घेतलं आणि म्हटलं, जमिनीवर काही असो, नजर फडक्यावरून हटवायची नाही. ती फिरायला लागली तसा मीही जागच्या जागी फिरत राहिलो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, पाचव्या फेरीला ती स्वतःच ओरडली, "सर, थांबू कशी?" वळणात पाय टेकायचं तिला सुचलंच नव्हतं. नंतर फडकं काढून घेतलं आणि तिने तिची नजर समोरच्या खांबावर, मग झाडावर, मग पुढच्या शंकूच्या पलीकडे नेऊन ठेवायला सुरुवात केली. सोबत कुणी असेल तर हा प्रकार नक्की करा. एकटे असाल तर हनुवटीवर लक्ष द्या. डोळे फिरवून भागत नाही, हनुवटी खांद्यावर आली पाहिजे. उजव्या वळणाला उजव्या खांद्यावर, आणि वळून बघायचं ते जिथे पोहोचायचंय त्या अर्ध्या वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला. मान दुखेल. दुखली पाहिजे.

तुमचा पाय उजव्या वळणावरच का टेकतो, याचं एक साधं कारण आहे. हँडल उजवीकडे पूर्ण वळलं की रेसची मूठ तुमच्या पोटाकडे येते. कोपर आखडतो, मनगट वाकडं होतं आणि नकळत रेस वाढते किंवा एकदम सुटते. डाव्या वळणात उजवा हात लांब जातो, म्हणून ते तुलनेने सोपं जातं. उपाय असा, की मूठ धरताना स्क्रू ड्रायव्हर धरल्यासारखी जरा तिरकी धरायची आणि कोपर बाहेर मोकळा सोडायचा. गाडी बंद असताना स्टँडवर उभी करून हँडल उजवीकडे पूर्ण वळवून बघा, मनगट कुठे अडतं ते लगेच कळेल. शिवाय कमी वेगातल्या वळणात शरीर गाडीच्या उलट बाजूला ठेवायचं असतं. गाडीला आत झुकू द्या, तुम्ही ताठ राहा, बुड सीटवर किंचित बाहेरच्या बाजूला. वेगात वळताना हे चालत नाही, पण आठात यावाचून गाडी पुरेशी वळत नाही.

आठ एकदम काढू नका. आधी नुसती वर्तुळं. पाण्याच्या बाटल्या किंवा खडू घेऊन साधारण दहा पावलं रुंदीचं वर्तुळ आखा, एकाच दिशेने सलग दहा फेऱ्या, मग दुसऱ्या दिशेने. जमलं की पाऊलभर कमी करा. उजवं वर्तुळ डाव्याइतकं निवांत यायला लागेपर्यंत दोन वर्तुळं जोडायची नाहीत. चाचणीच्या जागेची मापं सगळीकडे सारखी नसतात. तुम्ही दोनदा तिथे गेलाच आहात, तिसऱ्यांदा जाण्याआधी एकदा नुसते बघायला जा. आत सोडत नसतील तर बाहेरून पावलांनी अंदाज घ्या. घरचा आठ त्याहून थोडा लहान आखा, म्हणजे तिथला मोठा वाटेल.

दोन वर्तुळं जोडली की नवा अडथळा येतो तो मधल्या फुलीवर, म्हणजे ती जिथे एकमेकांना मिळतात तिथे. एका बाजूला कललेली गाडी तिथे क्षणभर सरळ होते आणि मग दुसऱ्या बाजूला कलते. त्या सरळ झालेल्या क्षणी बरेच जण क्लच दाबतात, कारण "सुटलो" असं वाटतं. करायचं उलट असतं. फुली यायच्या आधीच हनुवटी दुसऱ्या खांद्याकडे न्यायची, आणि फुलीवर क्लच नखभर सोडायचा. त्या किंचित ओढीने गाडी उभी होते आणि मग पुढच्या वळणात सहज झुकते. सरावात फुलीवर पोहोचताना मोठ्याने "वळ" म्हणा. वेडगळ वाटेल, पण तोंड बोललं की मान ऐकते.

सरळ रेषेत सावकाश चालवणं हा अनेक ठिकाणच्या चाचण्यांतला दुसरा प्रकार. जपानमध्ये तर त्यासाठी जमिनीपासून थोडी उंच, 15 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद अशी फळीसारखी पट्टी असते. मोठ्या मोटरसायकलच्या लायसन्ससाठी ती 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळात पार करायची, खाली उतरलात की चाचणी संपली. 15 मीटरला 10 सेकंद म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, भराभर चालणाऱ्या माणसाचा वेग. घरी हा सराव करून बघा. जमिनीवर खडूने दोन रेषा, हातात घड्याळ घेतलेला एक मित्र. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, खांदे सैल, नजर पट्टीच्या टोकापलीकडे आणि हँडल सतत डावी-उजवीकडे बारीक हलतं ठेवायचं. हँडल घट्ट धरून ठेवणारा तिसऱ्या सेकंदाला बाहेर जातो. मला विचाराल तर आठापेक्षा हा व्यायाम जास्त शिकवतो.

तुमच्या चाचणीत अचानक ब्रेक लावणं आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसलं तरी शिका. ब्रिटनमध्ये 2009 पासून चाचणीचे दोन भाग झाले, त्यातल्या पहिल्यात आठ आणि संथ चालवण्याबरोबर ताशी 50 किलोमीटरच्या वेगातून तातडीने थांबणं आणि त्याच वेगात अडथळा चुकवणं या दोन्ही गोष्टी आहेत. हे शिकायला कारण आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती, त्याचा अहवाल 1981 साली आला. त्यात दिसलं की संकट दिसल्यावर चालवणाऱ्याच्या हाती जेमतेम दोन सेकंद असतात, आणि त्यात तो मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवतो आणि पुढचा पुरेसा लावतच नाही. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के लोक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. हा आकडा मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. थोडा स्वार्थही आहे त्यात.

ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण वजन यायला क्षणभर लागतो. एकदम गच्च आवळलात तर वजन येण्याआधीच चाक अडकतं. म्हणून आधी बोटांनी हलकं घ्यायचं, पुढचा काटा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खाली बसल्याचं जाणवलं की मग पिळत न्यायचं, ओला कपडा पिळतो तसं, वाढत्या जोराने. मागचा सोबत, पण हलका. हँडल सरळ. गाडी थांबता थांबता क्लच दाबून पहिला गिअर, आणि जमिनीवर डावा पाय, उजवा ब्रेकवरच. एबीएस असलेल्या गाडीत चाक अडकत नाही, तरी हीच सवय ठेवा. सराव ताशी 20 पासून सुरू करा आणि रस्ता कोरडा, खडीविरहित असू द्या. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर उत्तम ब्रेक लावला तर ताशी 25 ला साधारण साडेतीन मीटर लागतात, 50 ला चौदा. शिवाय 50 ला ब्रेककडे हात जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी चौदा मीटर निघून गेलेले असतात.

अडथळा चुकवण्याबद्दल एवढंच, की आधी ब्रेक मग वळण, किंवा आधी वळण मग ब्रेक, दोन्ही एकदम नाही. आणि त्या वेगात उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं. मोकळ्या जागेत ताशी 30 ला हलकेच ढकलून बघा, पटेल.

रस्त्यावरच्या भागात लोक गाडीपेक्षा सवयींनी नापास होतात. तुम्ही आरशात बघितलंत हे तुम्हाला माहीत असतं, परीक्षकाला नाही. डोळ्यांची हालचाल त्याला दिसत नाही, मान हललेली दिसते. निघण्याआधी, लेन बदलण्याआधी, वळण्याआधी खांद्यावरून वळून बघा, नीट, दिसेल असं. हा काही देखावा नाही, आरशात न दिसणारा कोपरा असतोच आणि तिथे नेमकी कुणीतरी दुसरी दुचाकी असते. इंडिकेटर वळल्यावर बंद करा. बहुतेक मोटरसायकलींत तो आपोआप बंद होत नाही. चुकीचा सुरू राहिलेला इंडिकेटर न दिलेल्या इंडिकेटरपेक्षा वाईट, असं माझं मत आहे, कारण समोरचा त्यावर विश्वास ठेवून वळतो.

वेळापत्रक विचारलं नाहीत, तरी सांगतो. तीन आठवडे पुरेसे आहेत. रोज वीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस. दोन तास सलग करू नका. तासाभराने हात आखडतो आणि आखडलेला हात चुकाच पाठ करतो. पहिला आठवडा फक्त क्लच, वर्तुळं, संथ रेषा. दुसऱ्यात आठ आणि ब्रेक. तिसऱ्यात आठाचे फक्त दोन-तीन प्रयत्न, पण प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीपासून. हेल्मेट घालून गाडीवर बसायचं, स्टँड काढायचा, मागे बघायचं, निघायचं, आठ काढायचा, थांबायचं, उतरायचं. दहाव्या प्रयत्नाला जमणं उपयोगाचं नाही, तिथे पहिलाच धरतात. आणि तुमच्या कच्च्या लायसन्सची मुदत बघून ठेवा. भारतात ते 6 महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी त्यातल्या पहिल्या 30 दिवसांनंतरच देता येते. चार महिने तुमचे गेलेच आहेत.

चाचणीच्या सकाळी टायरमधली हवा पाहा, कमी हवेने हँडल जड होतं आणि आठात ते लगेच जाणवतं. साखळी फार ढिली नको. इंजिन गरम झाल्यावर शांत चालतं ना बघा. थंड इंजिन हाफ क्लचवर पटकन बंद पडतं, म्हणून रांगेत उभं राहण्याआधी पाच मिनिटं गाडी चालवून आणा. पायात पातळ तळव्याचे, घट्ट बसणारे बूट. चपलेत ब्रेकचा हलका दाब कळतच नाही.

साइड स्टँडची गोष्ट सांगून टाकतो. माझा एक विद्यार्थी, तयारी उत्तम. नाव पुकारलं, बसला, गाडी सुरू केली, गिअर टाकला, गाडी बंद. पुन्हा सुरू, गिअर, पुन्हा बंद. चौथ्यांदा त्याचे हात थरथरायला लागले. स्टँड खाली होता. बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. लक्षात आल्यावर तो निघाला खरा, पण तोपर्यंत डोकं ठिकाणावर नव्हतं आणि पहिल्याच वळणात पाय टेकला. म्हणून वर सुरुवातीपासून सराव करा म्हटलं.

गाडी चाचणीत बंद पडलीच, तर काही ठिकाणी ती लगेच मोठी चूक धरतात, काही ठिकाणी नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी विचारून ठेवा. कसंही असलं तरी करायचं एकच: दोन्ही पाय खाली, क्लच पूर्ण, श्वास सोडा, सुरू करा, मागे बघा, निघा. घाईने सुरू केलेली गाडी पुन्हा बंद पडते.

राहिला मित्राच्या गाडीचा प्रश्न. हलकी गाडी, कमी उंचीची सीट, जास्त वळणारं हँडल, हे सगळं आठाला खरंच मदत करतं, त्यात लबाडी काही नाही. ती त्या लायसन्सच्या वर्गात बसत असली, कागदपत्रं पूर्ण असली आणि मित्राची हरकत नसली तर जरूर न्या. पण सेंटिमीटरभराचा तो क्लचचा टप्पा प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी असतो. मित्राची गाडी न्यायची असेल तर ती आजच मागून घ्या आणि तिन्ही आठवडे तिच्यावरच सराव करा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मिळणार असेल, तर स्वतःचीच न्या.